ब्लेंडरमध्ये कुलूच्या खोऱ्यातला हिवाळा: खरा वाटणारा बर्फ कसा करायचा

बर्फाचं दृश्य फसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: बर्फाला पांढरा रंग फासलेला असतो. मग झाडं कितीही निगुतीने लावा, डोंगर उभे करा, चित्र गणपतीतल्या थर्माकोलच्या देखाव्यासारखंच दिसतं. उन्हातला बर्फ किंचित पिवळसर असतो, सावलीतला निळा, वाटेवर तुडवलेला राखाडी, आणि निखळ पांढरा जवळजवळ कुठेच नसतो. हे रंग मटेरियलमध्ये (वस्तूच्या पृष्ठभागाच्या सेटिंगमध्ये) भरायचे नसतात, उजेडातून यायला हवेत. त्यामुळे पुढे पांढऱ्या मटेरियलपेक्षा उजेडावर, आणि बर्फ कुठे टिकत नाही यावर जास्त वेळ जाईल.

उदाहरणाला मनालीच्या वरचा, सोलांगकडचा जानेवारीतला उतार घेऊ. मागे शिखरं, मधे देवदार, पुढ्यात बर्फातून गेलेली पाऊलवाट. सॉफ्टवेअर त्रिमितीय चित्रांचं ब्लेंडर ४.२, त्यात उजेडाचा हिशेब करून अंतिम चित्र, म्हणजे रेंडर, काढणारं इंजिन सायकल्स. जागा नक्की करण्याचा फायदा असा, की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात: सूर्य किती वर, झाड कोणतं, छप्पर कसलं. 'कुठलं तरी थंड गाव' करायला घेतलं की नॉर्वेचं घर, कॅनडाचं झाड आणि हिमालयाचं शिखर एकाच चित्रात येऊन बसतात.

मागचे डोंगर

शिखरं हाताने घडवत बसू नका, खरी उंची वापरा. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने रडारने पृथ्वीचे उंचसखल भाग मोजले. एसआरटीएम नावाने ओळखली जाणारी ती माहिती फुकट मिळते. साधारण दर ३० मीटरला एक बिंदू, आणि ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढाच पट्टा. त्यामुळे उत्तर नॉर्वे किंवा आइसलंड करणाऱ्यांना तिचा उपयोग नाही. मनालीसाठी लागणारा तुकडा एन३२ई०७७. तुकड्याचं नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडतं, एवढं लक्षात ठेवलं की दुसऱ्या जागेचा तुकडाही लगेच सापडतो. उभ्या कड्यांच्या आड रडार पोचलं नाही तिथे माहितीत खड्डे असू शकतात. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्या, नाहीतर शिखराच्या पोटात विहीर उघडते.

क्यूजीआयएसमध्येच आणखी दोन गोष्टी करायच्या. फाइल अक्षांश-रेखांशांच्या अंशांमध्ये असते, ती मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदला. हे राहिलं तर या अक्षांशावर डोंगर पूर्व-पश्चिम सुमारे १८ टक्के ताणले जातात. काहीतरी बिनसलंय एवढं डोळ्याला कळतं, काय ते कळत नाही. मग १२ किलोमीटर बाजूचा चौरस कापा, त्यातली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंची लिहून ठेवा, आणि १६ बिटची करडी प्रतिमा (काळं म्हणजे खालचं, पांढरं म्हणजे उंच) बाहेर काढा. १६ बिटचा आग्रह यासाठी: उंचीतला फरक २,८०० मीटर धरला, तर ८ बिटमध्ये एकेक पायरी ११ मीटरची होते आणि डोंगराला भातखाचरांसारखे टप्पे पडतात. १६ बिटमध्ये तीच पायरी सुमारे ४ सेंटिमीटरची.

ब्लेंडरमध्ये १२,००० मीटरची ग्रिड घ्या, ४०० × ४०० भागांची. तिला प्रतिमेप्रमाणे बिंदू वर उचलणारा डिस्प्लेस मॉडिफायर लावा: कोऑर्डिनेट्स यूव्ही, दिशा झेड, मिडलेव्हल ०, स्ट्रेंग्थ म्हणजे दोन उंचींमधला फरक. प्रतिमेचा कलर स्पेस 'नॉन-कलर' हवा. तो एसआरजीबी राहिला तर खोरी चपटी आणि शिखरं सुईसारखी होतात, कारण मधल्या उंच्या खाली दाबल्या जातात. कॅमेऱ्याचा क्लिप एंड, म्हणजे तो किती दूरपर्यंत बघतो तो आकडा, २०,००० मीटरवर न्या. शिखरं गायब झाली की आधी हाच आकडा बघायचा. आणि कॅमेरा, पुढची जमीन, झाडं हे सगळं मूळ बिंदूच्या आसपास ठेवून डोंगर मागे सरकवा. मूळ बिंदूपासून फार दूर गेलं की बारीक आकार थरथरायला लागतात.

३० मीटरला एक बिंदू ही माहिती मागच्या शिखरांपुरतीच पुरते. तीच मेश (बिंदूंची जाळी) कॅमेऱ्याच्या पायाशी आणलीत तर गादीच्या सुरकुत्या दिसतील. पुढची ३० ते ४० मीटर जमीन वेगळी करायची, मधला झाडांचा उतार वेगळा.

बर्फ कुठे टिकतो

आता मास्क, म्हणजे बर्फ कुठे आणि खडक कुठे हे सांगणारा काळा-पांढरा नकाशा. मटेरियलच्या जॉमेट्री नोडमधला नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ती दिशा) सेपरेट एक्सवायझेडला जोडा आणि झेड घ्या. सपाट जमिनीला १ येतो, उभ्या कड्याला ०. हा आकडा म्हणजे उताराच्या कोनाचा कोसाइन, त्यामुळे अंदाजपंचे सरकवायची गरज नाही: ४० अंशांना ०.७७, ५५ अंशांना ०.५७. कलर रॅम्पचा काळा थांबा ०.५७ वर, पांढरा ०.७७ वर. ४० अंशांपर्यंत भरपूर बर्फ, ५५ च्या पुढे उघडा खडक. हा मास्क मिक्स शेडरच्या फॅक्टरला देऊन खडक आणि बर्फ जोडा.

एवढ्यावर थांबलात तर सीमा कात्रीने कापल्यासारखी दिसते. दोन उपाय, दोन्ही करा. रॅम्पच्या आधी झेडमध्ये नॉइझ मिसळा: नॉइझमधून ०.५ वजा, गुणिले ०.२, मग बेरीज. दुसरा उपाय जास्त कामाचा आहे. जॉमेट्रीच्या नॉर्मलऐवजी खडकाच्या बंप नोडमधून (आकार न बदलता फक्त उजेडात खडबडीतपणा दाखवणारा नोड) बाहेर येणारा नॉर्मल वापरा. जॉमेट्री नोडला बंपचा पत्ताच नसतो. बंपमधून घेतलं की बर्फ खडकाच्या कपारीत आणि कंगोऱ्यांवर बसतो.

शिवाय दिशा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन जास्त लागतं आणि तिथला बर्फ आधी उतरतो. तुमच्या दृश्यात वाय म्हणजे उत्तर असेल, तर नॉर्मलचा वाय उणे येईल तिथे मास्कच्या झेडमधून ०.०५ ते ०.१ कमी करा. डोंगराची एक बाजू काळवंडलेली आणि दुसरी भरलेली दिसू लागली की चित्रात एकदम जीव येतो.

बर्फाचं मटेरियल

प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ या मुख्य मटेरियल नोडचा बेस कलर १ नव्हे, ०.८५. ताजा बर्फ पडलेल्या उजेडापैकी साधारण ८० ते ९० टक्के परत फेकतो, जुना बराच कमी. रफनेस ०.६ ते ०.७, आयओआर (अपवर्तनांक) १.३१. निळा रंग अजिबात घालू नका. सावली निळी दिसते कारण तिथे सूर्य पोचत नाही आणि फक्त आकाशाचा उजेड पडतो. मटेरियलमध्येच निळा भरला तर उन्हातला बर्फही निळा होतो आणि चित्र टूथपेस्टच्या जाहिरातीसारखं दिसतं.

सबसरफेसची, म्हणजे उजेड पृष्ठभागाच्या आत शिरून परत बाहेर येण्याची, गंमत वेगळीच आहे. त्याच्या रेडियसचे मूळ आकडे १.०, ०.२, ०.१ असे असतात. ते माणसाच्या कातडीसाठी बसवलेले आहेत. लाल उजेड सर्वांत आत जातो. बर्फाला तसेच ठेवले तर कडा गुलाबी होतात, आणि माणूस दिव्यांचे रंग बदलत बसतो. बर्फात उलट आहे: लाल जास्त शोषला जातो, निळा पुढे जातो. रेडियस ०.८, ०.९, १.० करा, स्केल ०.०३ मीटर. हे फक्त पुढच्या जमिनीला. दोन किलोमीटरवरच्या शिखराला तीन सेंटिमीटरचं सबसरफेस म्हणजे निव्वळ रेंडरचा वेळ फुकट घालवणं. तिथे वेट ० ठेवा.

पुढच्या जमिनीला आकाराचे तीन थर लागतात. मोठा थर: ३ ते ५ मीटर अंतरावर १५-२० सेंटिमीटर चढउतार. मधला: ४० सेंटिमीटरच्या अंतरावर २-३ सेंटिमीटर, आणि वाऱ्याच्या दिशेने तिप्पट ताणलेला, कारण वारा बर्फावर एकाच दिशेच्या रेघा काढतो. सगळ्यांत बारीक दाणा २-३ मिलिमीटरचा, तो फक्त बंपने. नॉइझचा डिटेल २-३ च्या वर नेऊ नका. बर्फ खड्डे भरतो, कोपरे गोल करतो. डिटेल वाढवला की बर्फाचा रवा होतो.

मटेरियलच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेसमेंट 'डिस्प्लेसमेंट अँड बंप' करायला विसरू नका. विसरलात की छाया बरोबर दिसते पण कड सपाट राहते. अॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजनसाठी (जवळची जाळी आपोआप बारीक करण्यासाठी) सायकल्सचा फीचर सेट एक्सपेरिमेंटल करावा लागतो. मेमरी संपली तर रेंडरचा डायसिंग रेट १ वरून २ करा. फरक शोधूनही सापडत नाही.

एक पाऊल, जवळून

पाऊलवाट म्हणजे नुसते खड्डे नव्हेत. एका ठशाकडे नीट बघा. वीस सेंटिमीटर ताज्या बर्फात पाय १२ ते १५ सेंटिमीटर आत जातो, टाच चवड्यापेक्षा थोडी खोल. पाय उचलताना बूट पुढच्या कडेला घासतो, म्हणून पुढच्या बाजूला एक उथळ चर उमटतो आणि त्याच्या तोंडाशी बर्फाचे दोन-चार ढेकळे सांडतात. तळ दाबलेला, गुळगुळीत, बाजूच्या बर्फापेक्षा किंचित चकचकीत: तिथे रफनेस ०.४५ करा. उन्हाकडची भिंत सावलीत आणि निळी, समोरची लख्ख, आणि पातळ कडेतून उजेड झिरपलेला. सबसरफेस खरं कुठे दिसत असेल तर ते इथेच.

असे तीन ठसे स्कल्प्ट करून त्यांचे उंचीचे नकाशे बेक करा (प्रतिमा म्हणून साठवा), डावा-उजवा आलटून पालटून, मोठ्या माणसाच्या पावलाला साधारण ६० ते ७० सेंटिमीटर अंतर ठेवून लावा. प्रत्येकाला थोडं वळण, थोडी खोली वेगळी. सांडलेली ढेकळं १ ते ४ सेंटिमीटरची, खरी मेश म्हणून टाका; बंपने ती कधीच जमत नाहीत. सगळे ठसे सारख्या खोलीचे झाले तर वाट शिक्का मारल्यासारखी दिसते.

देवदार

फुकट मिळणारी सूचिपर्णी झाडं बहुतेक युरोपातल्या स्प्रूसची असतात, शंकूच्या आकाराची, फांद्या खाली झुकलेल्या. मोठ्या देवदाराच्या फांद्या आडव्या, मजल्यांसारख्या पसरतात आणि बर्फ त्या मजल्यांवर थरांनी बसतो. चार-पाच वेगवेगळी झाडं पुरे.

पेरणी जॉमेट्री नोड्सने: डिस्ट्रिब्यूट पॉइंट्स ऑन फेसेस, पॉइसन डिस्क, किमान अंतर ३-४ मीटर, घनता दर चौरस मीटरला ०.०२. म्हणजे हेक्टरी २०० झाडं. मग इन्स्टन्स ऑन पॉइंट्स, तो प्रत्येक बिंदूवर त्याच झाडाची हलकी प्रत ठेवतो. डिस्ट्रिब्यूटमधून येणारा रोटेशन जोडू नका, तो झाडाला उताराशी काटकोनात उभं करतो. झाड सरळ वर वाढतं, उतार कितीही असो. फक्त झेडभोवती ० ते ३६० अंश फिरवा, आकार ०.७ ते १.२. रिअलाइज इन्स्टन्सेस मधे घातलंत की प्रत्येक झाड खरं होऊन मेमरीत जाऊन बसतं आणि रेंडर सुरू होण्याआधीच कोसळतो.

झाडावरचा बर्फही त्याच झेडच्या मास्कने. नॉर्मल जगाच्या अक्षांवर मोजला जातो, त्यामुळे झाड कसंही वळलं तरी बर्फ वरच्याच बाजूला राहतो. पण सगळी झाडं सारखी माखू नका. ऊन लागलं, वारा सुटला की फांद्या बर्फ टाकून देतात. तीनांपैकी एक झाड जवळजवळ हिरवंकाळं असू द्या. त्या काळेपणामुळेच बाजूचा बर्फ उजळ वाटतो. बुंध्याभोवती बर्फ पातळ असतो, कारण वरची फांदी तो झेलते. तिथे ५०-६० सेंटिमीटर त्रिज्येचा उथळ खळगा करा आणि वाळक्या सुयांचे काही तुकडे टाका. झाड नुसतं बर्फात खुपसलेलं वाटत नाही.

घर घालायचं असेल तर लाकूड-दगडाचं काठकुणी, पाटीच्या दगडाचं छप्पर. छपरावरच्या बर्फाची जाडी जवळपास सारखी असते, कडा गोल, आणि वळचणीपाशी थर थोडा बाहेर झुकतो.

उजेड

२१ डिसेंबरला दुपारी पुण्यात सूर्य ४८ अंशांवर असतो, मनालीत ३४ वर. आपल्या डोळ्यांना वरच्या सूर्याची सवय, त्यामुळे बहुतेक जण हिवाळ्याच्या चित्रातही सूर्य नकळत डोक्यावर ठेवतात. स्काय टेक्सचर निशिता घ्या, सन एलिव्हेशन सकाळच्या तिरप्या उन्हाचं, १२ ते १५ अंश, अल्टिट्यूड २,५०० मीटर, डस्ट ०.३. स्ट्रेंग्थ १ ठेवली तर सगळं जळून जातं, ०.१ ते ०.२ पासून सुरुवात करा. सूर्य बाजूला किंवा थोडा समोर असावा. कॅमेऱ्याच्या पाठीमागे ठेवला की बर्फावरची प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्या मागे लपते आणि जमीन चादरीसारखी सपाट होते. दोन तासांची मेहनत घालवणारी चूक हीच.

व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे रंग पडद्यावर कसे दिसतील ते ठरवणारं सेटिंग) एजीएक्स, लुक मीडियम हाय कॉन्ट्रास्ट. मूळ एजीएक्समध्ये बर्फ मळका वाटतो. स्कोप (उजळपणाचा आलेख) उघडा आणि आकडे बघा: उन्हातला बर्फ २५५ पैकी २२० ते २३५, सावलीतला ११० ते १५०, आणि २५५ फक्त चकाकणाऱ्या कणांना. डोळ्यावर विसंबू नका. अंधाऱ्या खोलीत काम करताना सगळाच बर्फ पुरेसा उजळ वाटतो.

धुकं जपून. उंचावरची थंड हवा बरीच स्वच्छ असते, दूरची शिखरंही धारदार दिसतात. हवंच असेल तर प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूमची डेन्सिटी ०.०००३; एक किलोमीटरवर सुमारे ७४ टक्के उजेड पोचतो, पाच किलोमीटरवर २२. ०.०१ टाकलात तर पाचशे मीटरवरच सगळं पुसलं जाईल. मिस्ट पास (अंतराचा करडा नकाशा) घेऊन कंपोझिटरमध्ये मिसळणं स्वस्त पडतं आणि त्यात दाणेही येत नाहीत.

पडता बर्फ दाखवायचा तर ऊन काढून ढगाळ एचडीआरआय (दृश्याला उजेड देणारा आकाशाचा फोटो) लावा. भुरभुर बर्फ आणि ठळक सावल्या एकत्र आल्या की खोटेपणा लगेच उघडा पडतो. कण साधारण सेकंदाला एक मीटरने खाली येतात, म्हणजे १/१०० शटरला एक सेंटिमीटरची रेघ उमटते.

रेंडर

लाइट पाथ्समध्ये डिफ्यूज ४ असतो, तो ८ करा. बर्फ इतका उजेड परत फेकतो की चार उड्यांनंतरही बराच शिल्लक असतो. तो कापला की ठशांचे तळ आणि खळगे काळे पडतात. सॅम्पल्स १,०२४, नॉइझ थ्रेशोल्ड ०.०१. डीनॉइझर, म्हणजे रेंडरमधले दाणे काढणारं साधन, बर्फावरची चमक दाणे समजून पुसून टाकतो. त्यावर उपाय: डीनॉइझिंग डेटा पास चालू करून कंपोझिटरमध्ये मूळ दाणेदार प्रतिमा २५-३० टक्के परत मिसळा, तीही फक्त पुढच्या जमिनीवर. मूळ प्रत १६ बिट ओपन-ईएक्सआर ठेवा. एक्स्पोजर बदलायची इच्छा दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास होते.

चित्र बाहेर पाठवताना

आकाश आणि बर्फाचे सावकाश बदलणारे रंग ८ बिटमध्ये पट्टे पाडतात. डिथर (पट्टे मोडणारे बारीक दाणे) १ ठेवा, वर अगदी हलका ग्रेन. इन्स्टाग्रामसाठी १०८० × १३५० आकार स्वतः करा, आकार कमी केल्यावर थोडं शार्पन, मग जेपेग ९० च्या वर. मोठी फाइल अॅपच्या हवाली केली तर बर्फाचा बारीक पोत ठिगळांत जातो. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पडत्या बर्फाचा व्हिडिओ तर कॉम्प्रेशनचा कर्दनकाळ आहे. प्रत्येक कण वेगळा हलतो. कणांची संख्या निम्मी केली तर उलट जास्त बर्फ दिसतो.

चित्राच्या कोपऱ्यात 'संगणकनिर्मित' असं लिहा, नुसतं मजकुरात नको. मजकूर फॉरवर्ड होताना गळतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, आणि अशा वेळी तुमचा देवदारांचा उतार 'आजचं महाबळेश्वर' म्हणून फिरायला वेळ लागत नाही. सोबत त्याच दृश्याचा करडा क्ले रेंडर (रंग-पोत नसलेला नुसता आकार) टाका. फोटो आहे का, एआयने केलंय का, हे प्रश्न तिथेच संपतात, आणि जाणकारांना चूक दाखवणंही सोपं जातं.

वापरलेल्या वस्तूंचे परवाने काम करतानाच एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवत जा. पॉली हेवन या साइटची टेक्सचर्स आणि एचडीआरआय सीसी० परवान्याची, नाव न देताही चालतात. सीसी बाय असलेल्या झाडाच्या मॉडेलला निर्मात्याचं नाव द्यावंच लागतं. ब्लेंड फाइल कुणाला द्यायची असेल तर आधी विकत घेतलेली मॉडेल्स काढून त्यांच्या जागी साधे ठोकळे ठेवा, मग पॅक रिसोर्सेस करा (सगळ्या प्रतिमा फाइलच्याच आत घ्या). पॅक न करता दिलेली फाइल समोरच्याकडे उघडते तेव्हा सगळा डोंगर जांभळा असतो.